कार्डात रेवा कुठे आहे?

झाशीला विमान उतरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या प्रेमनगरच्या घरात दिवाळीपासून चहा पिताना, जेवताना, धुणं वाळत घालताना एकच विषय चालू होता, तो म्हणजे विमानतळावरचा लाउंज. कोणत्या कार्डावर आत सोडतात, किती वेळा सोडतात, आतली इडली गरम असते की गार. पराग, माझा नवरा, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम मागच्या खोलीत बसून करतो. काम संपलं की तिथेच बसून कार्डांचे व्हिडिओ बघायचा. त्यातली माणसं मला आवाजावरून ओळखू यायला लागली होती. एक जण दर वाक्याला "तो दोस्तों" म्हणायचा. रेवानेही ते उचललं. चार वर्षांची पोर दूध सांडलं की "तो दोस्तों, दूध गिर गया" म्हणायची आणि सगळे हसायचे. मीही हसायचे.

कार्ड का हवं होतं, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी माझे दीर, सुबोधदादा, टोरांटोहून आले होते आणि आम्ही सगळे मिळून गोव्याला निघालो होतो. दिल्लीच्या विमानतळावर सासूबाई, दादा, स्वातीवहिनी आणि त्यांची मुलं एका काचेच्या दारातून सहज आत गेली. परागही मागोमाग निघाला, तर दारातल्या मुलीने हात आडवा केला. "सर, आपका कार्ड?" दादा आतून वळून म्हणाले, "अरे, तुझ्याकडे कार्ड नाही? अजून?" त्या "अजून"ने माझा नवरा एवढासा झाला. त्या दिवशी रेवाची छाती वाजत होती. स्वच्छतागृहाशेजारी एक प्लग सापडला, तिथे फरशीवर बसून मी तिला मशीनने वाफ दिली. तोंडावर मास्क, डोळे माझ्याकडे. लोक बॅगा ओढत आमच्या पायांना वळसा घालून जात होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं होतं, एक कार्ड असायला हवं.

म्हणून दादांनी नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं, जानेवारीअखेरची तिकिटं तिथूनच काढून पाठवली आणि पराग कार्डाच्या मागे लागला, तेव्हा मी काही विरोधात नव्हते. मी शेजारी बसून वाचायचे. बी.एस्सी. झालेय, बारीक अक्षरांची मला भीती वाटत नाही. दोन कार्डं उरली होती. एक आपल्याकडच्या बँकेचं, साधं, प्लास्टिकचं. लाउंज वर्षातून दोनदा, पॉइंट यथातथाच, पण परदेशात दवाखान्याची वेळ आली तर बायको-मुलांचा खर्च त्यात होता. दुसरं परदेशी बँकेचं. धातूचं. लाउंज हवा तेवढा, मैलांचे पॉइंट, हॉटेलात सकाळची न्याहारी, विमानतळावर गाडी.

"यात रेवा कुठे आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"टोरांटोला जानेवारी म्हणजे उणे पंधरा. तिला थंड हवेने काय होतं ते तुला माहीत आहे. तिथे रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं तर या धातूच्या कार्डात तिच्यासाठी काय आहे?"

"अगं, ते आपण बघू ना."

"मग निदान तिची वेगळी पॉलिसी काढ."

"काढतो. तू डोकं नको खाऊ."

परदेशी बँक झाशीला कार्ड देतच नव्हती. पिनकोड टाकला की पडद्यावर खेदाचा संदेश यायचा. मला वाटलं, चला, सुटलो. पण परागने पुण्याच्या आत्याचा, शकुंतलाआत्यांचा पत्ता घातला. कंपनी पुण्याची, त्यामुळे ते खपून गेलं. चौकशीला माणूस आला तेव्हा आत्यांनी त्याला चहा पाजून सांगितलं म्हणे, "हो, इथेच राहतो, आत्ता जरा बाहेर गेलाय." आत्ता जरा बाहेर म्हणजे झाशीला. घरात सगळे या गोष्टीवर पोट धरून हसले.

कार्ड आलं त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी ते हातावर तोललं, नखाने वाजवलं आणि म्हणाले, "वा. ह्याला वजन आहे."

माझे सासरे, दिवाकरराव, रेल्वेच्या पास सेक्शनमधून रिटायर झाले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे पास बनवले. कोणाची विधवा आई चालते, कोणाची लग्न झालेली बहीण चालत नाही, किती वयापर्यंत मुलगा चालतो, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. या घरात तिकीट काढणं ही गोष्ट कोणी फारशी केलीच नव्हती. पास असायचा. पासावर नावं असायची. आजारी पडलं तर रेल्वेचं इस्पितळ असायचं, तिथेही नावं असायची. एकाची नोकरी आणि तिच्या सावलीत अख्खं घर.

"पराग, पॉलिसीचं काय झालं?" मी डिसेंबरात विचारलं.

"झालंय."

"काढलीस?"

"झालंय म्हटलं ना."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "मृदुला, झालंय!" आवाज चढला. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तो झालंय म्हणतोय तर विश्वास ठेवावा माणसाने. तुम्हा किल्ल्याखालच्या लोकांना सगळं मोडीत लिहून सही-शिक्क्यानिशी हवं असतं."

मी किल्ल्याखालची. म्हणजे आमचं घराणं झाशीत फार जुनं, आणि सासरचे भुसावळकडून रेल्वेबरोबर आलेले. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हा टोमणा शिळा होत नाही. मी मनाशी म्हटलं, झालंय म्हणतोय, म्हणजे झालं असेल.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. झाशीत मराठी घरं मोजकी, त्यामुळे बोलवायचं म्हटलं तर सगळ्याच येतात, बबीन्याहूनसुद्धा. कुणी शुद्ध बोलते, कुणी "भाभी, तिळगुळ लो, गोड बोलो" म्हणून मोकळी होते. मी अत्तर लावत होते. सासूबाई कोचावर मध्यभागी. त्यांच्या शेजारी बबीन्याच्या भानुमतीकाकू हरभऱ्याची उसळ खात होत्या. काकूंचा मुलगा पाच वर्षं दुबईला होता.

"एवढ्या थंडीत लहान मुलीला नेताय," काकू म्हणाल्या. "त्यात ती दम्याची. तिथे डॉक्टर फार महाग हो."

"त्याची काळजीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "परागचं ते कार्ड आहे ना, त्यातच आहे सगळं. विमानतळावर जेवण, गाडी, रेवाचं औषधपाणी. वेगळं काही काढायची गरजच नाही. ह्यांनी सांगितलं ना, कार्ड एकाच्या नावावर असलं तरी कुटुंब त्यात येतंच. पासासारखंच."

माझ्या हातात अत्तराची कुपी होती आणि समोर एका बाईचा पालथा हात होता. त्या हाताला मी अत्तर लावलं. नंतरच्या बाईलाही लावलं. हळद, कुंकू, तिळगूळ, वाण. हसले. सगळ्यांशी हसले. कानात नुसता एकच शब्द वाजत होता. झालंय. झालंय. झालंय.

म्हणजे पॉलिसी काढलेलीच नव्हती.

बायका गेल्या. काकूंची गाडी यायची होती, त्या बसून राहिल्या. मी मागच्या खोलीचं दार ढकललं.

"रेवाची पॉलिसी कुठल्या कंपनीची आहे?"

पराग खुर्चीत वळला. त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

"अगं, कार्डात आहे ना ते. लाखोंचं मेडिकल कव्हर आहे. डॉलरमध्ये."

"कुणाचं?"

"कार्डाचं."

"कार्डाला दमा आहे का?"

"हळू बोल, काकू आहेत बाहेर."

"असू देत. तू मला झालंय म्हणालास. मी तीनदा विचारलं आणि तीनदा तू झालंय म्हणालास."

"मी खोटं नाही बोललो. बाबा म्हणाले की—"

"बाबांनी कार्डाचे नियम वाचलेत?"

बाबा हॉलमधूनच बोलले, "वाचायचं काय त्यात? जगात कुठेही जा, कर्त्या माणसाच्या नावावर सवलत मिळाली की त्याचं कुटुंब धरलेलंच असतं. नाहीतर सवलतीला अर्थ काय?"

"बाबा, ही रेल्वे नाही."

"रेल्वेपेक्षा मोठी बँक आहे म्हणतात ना? मग रेल्वेने जे दिलं ते ती देणार नाही?"

मी टेबलावरून कार्ड उचललं. मागे नंबर होता. परागचाच फोन घेऊन लावला, आवाज मोठा केला आणि फोन हॉलच्या मधोमध तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवला. "बोल," म्हटलं. "सगळ्यांसमोर विचार."

बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, गोड आवाजाची. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली.

"और सर, आप अभी पुणे, कोथरूड वाले पते पर ही रहते हैं?"

"जी हाँ," माझा नवरा म्हणाला. झाशीच्या घरात, झाशीचा चिवडा समोर ठेवून.

"नहीं!" रेवा माझ्या कडेवरून ओरडली. शाळेत त्यांना पत्ता पाठ करून घेतात. "माय अड्रेस इज प्रेम नगर, झाँसी!"

भानुमतीकाकूंना ठसका लागला. मी रेवाच्या तोंडावर हात ठेवला नाही. का ठेवायचा?

मुलीने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. परागने विचारलं, "मॅडम, हम लोग कॅनडा जा रहे हैं। मेडिकल कव्हर में मेरी बेटी भी है ना?"

"सर, कव्हर प्राइमरी कार्डमेंबर का होता है।"

"और बच्चे?"

"नहीं सर, बच्चे इसमें नहीं आते।"

"वाइफ?"

"नहीं सर।"

बाबा उठले. त्यांनी चष्मा लावला, जणू फोन वाचायचा आहे, आणि वाकून म्हणाले, "बेटा, मैं रेलवे से रिटायर्ड हूँ, पास सेक्शन से। एक बात बताइए। आपके रूल में फॅमिली की डेफिनिशन क्या दी है?"

पलीकडे बोटं चालल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"सर, इसमें फॅमिली नहीं है।"

"नहीं है मतलब? डिपेंडंट? माइनर डॉटर?"

"सर, ये पर्सनल प्रॉडक्ट है। इसमें फॅमिली होती ही नहीं।"

बाबा तसेच वाकून उभे राहिले. मी विचारलं, "दमा पहले से हो तो?" ती म्हणाली, पहले से जो भी हो ते कोणाचंच धरत नाहीत, कार्डवाल्याचंही नाही. आणि मग तिनेच विचारलं, "मॅम, टिकट इसी कार्ड से ली है ना?"

"नहीं. माझ्या दिरांनी काढलीत," माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत सांगितलं.

"ओके. तब तो सर का भी कव्हर नहीं बनेगा।" आणि तितक्याच गोडव्याने, "और कोई सहायता कर सकती हूँ?"

फोन बंद झाल्यावर सगळ्यात आधी भानुमतीकाकू बोलल्या. "आमच्याकडेही असंच झालं होतं हो. नातवाचा हात मोडला तेव्हा कळलं." त्यांची गाडी आली, सासूबाई त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच थांबल्या.

"नियमच चुकीचा आहे," बाबा म्हणाले. "त्यांना लिहायला हवं. व्याख्या दुरुस्त करून घ्यायला हवी." आणि खरोखरच कागद शोधायला आत गेले. त्या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "चुकलं" एवढं यावं म्हणून मी दाराकडे बघत राहिले. आतून फक्त खण उघडल्याचा आवाज आला.

पराग मात्र लगेच कामाला लागला होता. लॅपटॉप पुढे ओढला. "हे बघ, सोपं आहे. ऑनलाइन पॉलिसी. पाच मिनिटांत निघते. तू उगाच एवढा तमाशा केलास. ये, बस." मी बसले. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर. मग प्रश्न आला: आधीपासून काही आजार? खाली दोन चौकटी, हो आणि नाही.

त्याने "नाही"वर टिचकी मारली.

इतक्या सहज. जसं पुण्याचा पत्ता घातला तसं.

"हे काय केलंस?"

"अगं, दमा लिहिला की ते नाटकं करतात. डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतात, दहा दिवस बसवून ठेवतात. कोण बघतंय?"

"तिची छाती बघतेय," मी म्हटलं. "तिथला डॉक्टर स्टेथोस्कोप लावेल ना, तो बघेल. आणि मग ते म्हणतील, तुम्ही खोटं लिहिलंत, एक पैसा मिळणार नाही. तेव्हा कोणाला फोन लावायचा? शकुंतलाआत्यांना?"

"तू नेहमी वाईटच का धरून चालतेस? काही होणार नाही तिला."

"मागच्या जानेवारीत काय झालं होतं?"

मागच्या जानेवारीत धुकं इतकं होतं की समोरचा खांब दिसत नव्हता. रेवाच्या बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती आणि ओठांचा रंग बदलायला लागला होता. परागने गाडी चालवली, मी खिडकीतून डोकं काढून "डावीकडे, डावीकडे" सांगत होते. तिच्या नेहमीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि काही न विचारता ऑक्सिजन लावला. पैशांचं नाव नाही, कागद नाही. तिचं नाव तिथल्या वहीत आधीपासून होतं. या माणसाने त्या रात्री माझा हात धरून म्हटलं होतं, परत असं होऊ देणार नाही. तोच माणूस आता पडद्यावर लिहीत होता की असं कधी झालंच नाही.

"पत्ता खोटा दिलास, मी हसले," मी म्हटलं. "तिचा दमा खोटा ठरवायचा नाही. काढ ते."

"मृदुला—"

"काढ."

त्याने काढलं नाही. लॅपटॉप बंद केला, जोरात. मी उठले. कपाटातून रेवाचा पासपोर्ट घेतला, माझा घेतला, नेब्युलायझरची पिशवी घेतली, रेवाला स्वेटर घातला. सासूबाई दारात होत्या.

"कुठे निघालीस? सणासुदीचं?"

"किल्ल्याखाली," मी म्हटलं. "सही-शिक्का आणायला."

ई-रिक्षात बसल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रेवा म्हणाली, "तो दोस्तों, आम्ही आजीकडे जातोय." रिक्षावाला हसला. मला हसता आलं नाही.

माहेरी मी आईशी फार बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाच्या डॉक्टरांकडून सगळं लिहून घेतलं. केव्हापासून त्रास, कोणती औषधं, कितीदा भरती केलं. ते घेऊन एका विमा कंपनीच्या ऑफिसात गेले, काउंटरवर. "हो"च्या चौकटीत मी स्वतः खूण केली. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी कागद वर पाठवले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"पॉलिसी मिल जाएगी, मृदुला जी। सब कव्हर होगा। बस अस्थमा और साँस से जुड़ी कोई चीज़ नहीं। पिछले साल एडमिट हुई थी न, इसलिए।"

म्हणजे टोरांटोत तिचा पाय मोडला तर चालेल. सामान हरवलं तर चालेल. विमानाला उशीर झाला तर तिला जेवणाचे पैसे मिळतील. फक्त श्वास अडकला तर नाही.

मला वाटलं होतं की खरं लिहिलं की वाट निघेल. नाही निघाली. त्या साध्या प्लास्टिकच्या कार्डाने तरी हे धरलं असतं का? कोण जाणे. आता माझा कुठल्याच कार्डावर विश्वास नाही. पण खरं लिहिलं म्हणून निदान इथे, जमिनीवर असतानाच कळलं.

पराग संध्याकाळी माहेरी आला. माझ्या वडिलांसमोर नीट बसला, चहा घेतला. मग अंगणात मला म्हणाला, "दादाशी बोललो. तो म्हणतो काही झालं तर मी आहे ना."

"दादा आहेत म्हणजे? बिल दादा भरणार?"

"तसं नाही, पण..."

"तसं नाही, पण काय ते नीट सांग."

तो तुळशीपाशी उभा राहून चपलेने माती उकरत होता. "सगळे येणार म्हणून त्याने तारीख धरलीय. मी काय सांगू त्याला? पोरीला थोडी थंडी बाधते म्हणून नाही येत?"

"थोडी थंडी," मी म्हटलं. "सांग तसं. खोटं सांगायला तुला काय लागतं?"

हे मी बोलायला नको होतं, कदाचित. पण बोलले, आणि परत घेतलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. पराग आणि आई, म्हणजे सासूबाई, जातील. मी आणि रेवा नाही. बाबांना थंडी सोसत नाही, ते आधीपासूनच जाणार नव्हते. माझं आणि रेवाचं तिकीट दादांनी रद्द केलं. स्वातीवहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपवर रडक्या चेहऱ्यांची एक रांग पाठवली. मी प्रेमनगरला परत आले, कारण रेवाची शाळा तिथून जवळ आणि डॉक्टरही. परागशी कामापुरतं बोलत होते. त्यांची बॅग मी भरली. आईंच्या पायमोज्यांच्या तीन जोड्या, दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची चटणी. राग असला म्हणून काय, दशम्या कोणी करायच्या?

ते सकाळच्या गाडीने दिल्लीला गेले. बाबांनी स्वतःच्या पासावर आईंचं तिकीट केलं होतं. परागचं मात्र काढावं लागलं, तो पासात बसत नाही, वय झालं. बाबांनी हे स्टेशनवर सगळ्यांना समजावून सांगितलं. नियम म्हणजे नियम.

दिवेलागणीला व्हिडिओ कॉल आला. पराग. मागे मंद पिवळे दिवे, मऊ खुर्च्या.

"हे बघ, आलो आत!" फोन फिरवला. काउंटर, वाफाळणारी भांडी, केक, काचेपलीकडे विमानाचं शेपूट. "कार्ड दाखवलं, एक शब्द नाही विचारला. तू असायला हवी होतीस. रेवा, बघ, केक!"

रेवा माझ्या मांडीवर होती. त्या दिवशी झाशीतही धुकं होतं आणि तिची छाती बारीक वाजायला लागली होती. मशीन लावून मी तयारीतच बसले होते. तिने केककडे बघितलं आणि विचारलं, "आजी कुठे?"

फोन फिरायचा थांबला.

"आई कुठे आहेत, पराग?"

"बाहेर आहे. जरा. सामान बघतेय. आत एकालाच फुकट आहे, दुसऱ्याचे पैसे लागतात, आणि आई म्हणाली की उगाच कशाला, मी बसते. मी फक्त बघून येतो म्हटलं. पाच मिनिटं."

मी कॉल कापला आणि आईंना लावला. त्यांना व्हिडिओ जमत नाही, म्हणून साधाच.

"कुठे बसलात?"

"इथेच गं, खांबापाशी. काचेच्या दाराजवळ. खुर्च्या बऱ्या आहेत." मागे कुठलीतरी घोषणा चालू होती. "दशमी खाल्ली एक. मऊ झालीय."

"आत नाही सोडलं ना?"

"मी कार्डवाली कुठेय? पराग येतोय, पाच मिनिटांत." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू पोरीला घेऊन अशीच बसली होतीस ना? मी आत सुबोधबरोबर ढोकळा खात होते."

त्या दिवशी त्या आत होत्या हे मी विसरले नव्हते, पण त्यांच्याही लक्षात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"आई, फोन ठेवू नका. असाच धरून ठेवा."

बाबांचा फोन टेबलावर होता. त्यावरून मी परागला लावला.

"बाहेर ये."

"अगं, आत्ताच कॉफी घेतलीय—"

"आई बाहेर एकट्या बसल्यात. बाहेर ये."

"मृदुला, एकदा, आयुष्यात एकदा मी—"

"बाहेर ये, पराग."

बाबा पेपर खाली करून माझ्याकडे बघत होते. बघू देत. एका कानाला परागचा श्वास, दुसऱ्या कानाला विमानतळावरचा गलका. मांडीवर रेवाची छाती वाजत होती. आईंचा फोन खांद्याशी दाबून धरून मी तिला मास्क लावला आणि मशीनचं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. परागच्या बाजूने फोन कापला गेला.

मी वाट बघत राहिले. आईंच्या फोनमधून कुणाचं तरी पोर रडलं, चाकं खडखडली, पुन्हा घोषणा झाली.

"आला गं," आई म्हणाल्या. "कप घेऊनच आलाय हातात."

"बरं," मी म्हटलं. "आता ठेवा."

"रेवाला वाफ दिलीस?"

"देतेय."

"कान झाक तिचे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.